समरूप इंग्रजी शब्दांतील अर्थभेद : एक चिकित्सा

इंग्रजीच्या प्रश्नपत्रिकांत एक प्रश्न फार जुना आहे. दिसण्यात सारख्या असलेल्या दोन शब्दांची जोडी द्यावयाची आणि दोहोंतील अर्थभेद स्पष्ट होईल अशा रीतीने ते वाक्यांत योजावयास सांगावयाचे, असे त्याचे स्वरूप असते. या प्रश्नाच्या आधारावर मार्गदर्शक पुस्तिकांचे एक स्वतंत्र वाङ्मयच निर्माण झाले आहे. डाव्या रकान्यात एक शब्द, उजव्या रकान्यात दुसरा, प्रत्येकापुढे एकेक अर्थ, आणि वर 'नेहमी गोंधळ होणारे शब्द' असा मथळा. रकाने सोयीचे असतात, पाठ करता येतात, आणि त्यांत दिलेले अर्थ बहुधा बरोबरही असतात. आक्षेप त्या अर्थांबद्दल नाही. सर्व जोड्या एकाच मथळ्याखाली आल्यामुळे त्यांतील अर्थभेद एकाच जातीचा आहे, तो शब्दांच्या मुळातच आहे आणि त्याचा विसर पडणे हा भाषेचा ऱ्हास आहे, अशी जी समजूत वाचकाच्या मनात नकळत रुजते तिच्याबद्दल आहे.

मराठी विद्यार्थ्याच्या बाबतीत ही समजूत अधिकच घट्ट होण्यास एक कारण आहे. 'दिन' आणि 'दीन', 'सुत' आणि 'सूत' या जोड्या त्याने शाळेतच शिकलेल्या असतात. मराठी उच्चारात या ऱ्हस्व-दीर्घांचा भेद जवळजवळ लोपलेला आहे; 'दिन' म्हणतानाही मराठी माणूस इकार लांबवतोच. तरीही मराठी साहित्य महामंडळाच्या १९६२च्या लेखननियमांनी तत्सम शब्दांतील ऱ्हस्व-दीर्घ संस्कृताप्रमाणे राखले, आणि संस्कृतात हे शब्द मुळातच निरनिराळे आहेत. म्हणजे येथे लेखनातील भेद हा खरोखरच मुळातील भेदाची खूण आहे. हीच सवय घेऊन विद्यार्थी इंग्रजीकडे वळतो आणि वेगळे लेखन दिसताच वेगळे मूळ गृहीत धरतो. इंग्रजीत मात्र हे गृहीतक वारंवार फसते.

या विषयाचा शास्त्रीय विचार नवा नाही. फ्रेंच भाषाशास्त्रज्ञ मिशेल ब्रेआल याने १८९७ साली प्रसिद्ध केलेल्या आपल्या अर्थविचारविषयक ग्रंथात असा नियम मांडला की, जे शब्द समानार्थी असावयास हवेत आणि एके काळी तसे होतेही, ते कालांतराने निरनिराळे अर्थ धारण करतात. दोन शब्द आहेत तर अर्थही दोन असले पाहिजेत, अशी बोलणाऱ्या समाजाची धारणाच या वाटणीच्या मुळाशी असते. इंग्रजी शब्दप्रयोगांचा सर्वांत प्रभावी समीक्षक एच. डब्ल्यू. फाउलर याने १९२६च्या आपल्या कोशात याच प्रक्रियेवर स्वतंत्र टिपण लिहिले आहे. त्याचे म्हणणे थोडक्यात असे की, अर्थांची ही वाटणी कोशकाराच्या हुकमाने पुरी होत नाही. लिहिणारे आणि बोलणारे ती हळूहळू पत्करतात. वाटणी अर्धवट असते तेव्हाच तिला धोका असतो, आणि उपयुक्त वाटणीला त्या अवस्थेतून पार नेणे हे भाषेविषयी आस्था असणाऱ्यांचे काम आहे. फाउलरवर हटवादीपणाचा आरोप पुष्कळांनी केला आहे आणि काही ठिकाणी तो खराही आहे. परंतु या टिपणात तो अर्थभेदाला निसर्गनियम मानत नाही, एक चालू असलेला व्यवहार मानतो, हे त्याच्या बाजूने नोंदवले पाहिजे. त्याच्या अनुकरणाने निघालेल्या पुस्तिकांनी त्याच्या याद्या घेतल्या आणि हा विचार तेवढा मागे सोडला.

जोड्यांची जात ओळखण्यास मराठी अभ्यासकाजवळ एक साधन आयतेच आहे, ते म्हणजे देवनागरी लेखन. इंग्रजी शब्द उच्चाराप्रमाणे देवनागरीत लिहू गेल्यास काही जोड्यांतील भेद तात्काळ नाहीसा होतो. तत्त्व या अर्थाचा 'प्रिन्सिपल' आणि मुख्य या अर्थाचा 'प्रिन्सिपल', स्थिर या अर्थाचा 'स्टेशनरी' आणि लेखनसाहित्य या अर्थाचा 'स्टेशनरी', विवेकी या अर्थाचा 'डिस्क्रीट' आणि पृथक् या अर्थाचा 'डिस्क्रीट' : येथे भेद केवळ डोळ्यांसाठी आहे. उलट 'हिस्टॉरिक' व 'हिस्टॉरिकल', 'प्रिस्क्राइब' व 'प्रोस्क्राइब' या जोड्या देवनागरीतही वेगळ्या राहतात, कारण त्या कानालाही वेगळ्या आहेत. अर्थात हे साधन जपूनच वापरावे लागते. महाराष्ट्रात इंग्रजी पुष्कळदा कानाआधी डोळ्यांनी शिकली गेली. जुन्या मराठी लेखनात महाविद्यालयाचा प्रमुख 'प्रिन्सिपॉल' म्हणून वावरतो तो अखेरच्या 'ए'मुळे, आणि पिठाच्या गिरणीच्या पाटीवर 'फ्लोअर मिल' असते तेव्हा पिठाची जमीन झालेली असते तीही लेखनाकडे पाहून केलेल्या उच्चारामुळे.

पिठाचा हा शब्द अधिक पाहण्यासारखा आहे. इंग्रजीत फूल आणि पीठ यांसाठीचे शब्द लिहिण्यात भिन्न व उच्चारात एक आहेत. आणि ते एकच आहेत याचे कारण मुळात तो एकच शब्द आहे. दळलेल्या धान्याचा सर्वांत उत्तम, चाळून काढलेला भाग म्हणजे त्याचे 'फूल', अशी ही लक्षणा असून ती फ्रेंचमध्येही आहे. सॅम्युएल जॉन्सनचा कोश १७५५ साली निघाला, तेव्हा त्याने या दोहोंस वेगळे शब्द मानले नव्हते आणि आज पिठासाठी रूढ असलेले लेखनही त्याने स्वीकारले नव्हते. म्हणजे ज्या भेदाबद्दल आज प्राथमिक शाळेतील मुलाचे गुण कापले जातात, तो अठराव्या शतकाच्या मध्यावर इंग्रजीचा सर्वश्रेष्ठ कोशकार पाळत नव्हता. धातूवाचक 'मेटल' आणि अंगचे पाणी, धमक या अर्थाचा 'मेटल' यांचीही कथा तशीच. माणूस कोणत्या धातूचा घडला आहे, या रूपकातून दुसरा अर्थ निघाला; शेक्सपिअरच्या काळात दोन्ही लेखने दोन्ही अर्थांनी मुक्तपणे येत आणि पुढे रूपकाला वेगळे लेखन मिळून ते मूळ शब्दापासून विभक्त झाले.

'डिस्क्रीट'च्या जोडीतही दोन्ही शब्द एकाच लॅटिन कृदंतापासून आले आहेत. त्याचा अर्थ 'वेगळा केलेला'. मध्ययुगीन लॅटिनमध्ये त्याला 'वेगळे करून पाहू शकणारा', म्हणजेच विवेकी, असा कर्तरी अर्थ प्राप्त झाला. संस्कृतातील 'विवेक' शब्दाचाही मूलार्थ पृथक्करण हाच आहे, हे येथे आठवते. इंग्रजीत दीर्घकाळ कोणतेही लेखन कोणत्याही अर्थाने चाले. नंतर दोन 'ई' लागोपाठ येणारे लेखन विवेकी माणसासाठी आणि दोन 'ई'ंच्या मध्ये 'टी' येणारे लेखन पृथक् वस्तूंसाठी, अशी वाटणी ठरली. पूरक या अर्थाचा 'कॉम्प्लिमेंट' आणि प्रशंसा या अर्थाचा 'कॉम्प्लिमेंट' यांचे मूळही एकच, परिपूर्तीचे. प्रशंसेचा अर्थ रोमान्स भाषांतील दरबारी शिष्टाचाराच्या परिभाषेतून आला आणि त्याचे स्वतंत्र लेखन सतराव्या शतकात हळूहळू स्थिरावले. लेखनसाहित्याचा 'स्टेशनरी' हा तर स्थिर या अर्थाच्या शब्दाचाच वंशज. मध्ययुगीन विद्यापीठांच्या आश्रयाने एका जागी दुकान मांडून बसणारा पुस्तकविक्रेता हा फिरत्या विक्रेत्याहून वेगळा म्हणून 'स्थानस्थ' ठरला. लंडनच्या पुस्तकव्यावसायिकांच्या संघाला १५५७ साली राजसनद मिळाली तीही याच नावाने.

या सर्व उदाहरणांत अर्थभेद आधी होता आणि लेखनभेद मागाहून त्याच्यावर बेतला गेला. ब्रेआलच्या नियमाचा कर्ता बोलणारा समाज आहे. येथील कर्ता बहुतांशी लिहिणारा, छापणारा आणि कोश रचणारा असा मर्यादित वर्ग आहे, आणि त्याने केलेली वाटणी बोलणाऱ्याच्या तोंडी कधी पोहोचलीच नाही. तेव्हा या जोड्यांत चूक करणारा विद्यार्थी अर्थात चुकत नाही, लेखनात चुकतो. 'डिस्क्रीट' शब्द वाक्यात यथायोग्य योजून त्याचे लेखन चुकवणाऱ्याला अर्थ समजला नाही असे ठरवणे, हा परीक्षकाचा दोष होय.

साम्य मात्र सर्वत्र जुने असते असेही नाही. सभा आणि सल्ला या अर्थांचे दोन 'कौन्सिल' लॅटिनमध्ये दोन निराळे शब्द होते. इंग्रजीत ते एकमेकांत मिसळले आणि सोळाव्या शतकापासून त्यांना जाणीवपूर्वक पुन्हा वेगळे करण्यात आले. तत्त्व या अर्थाच्या 'प्रिन्सिपल'मधील अखेरचा 'ल' तर लॅटिनमध्ये नाही आणि फ्रेंचमध्येही नाही. इतर शब्दांच्या सादृश्याने इंग्रजीनेच तो जोडला, आणि मग त्यामुळे उद्भवलेल्या घोटाळ्यासाठी शिकणाऱ्याला जबाबदार धरले.

खरा वादाचा विषय आहे तो कानाला वेगळ्या ऐकू येणाऱ्या जोड्यांचा. त्यांत 'डिसइंटरेस्टेड' आणि 'अनइंटरेस्टेड' ही जोडी अग्रगण्य मानावी लागेल. पुस्तिकांचा निर्णय स्पष्ट आहे : पहिल्याचा अर्थ निःपक्षपाती, दुसऱ्याचा अर्थ रस नसलेला, पहिला शब्द दुसऱ्याच्या अर्थाने योजणे हा अलीकडचा बिघाड. यातील शेवटचे विधान इतिहासाला धरून नाही. पहिला शब्द रस नसलेला याच अर्थाने जॉन डनच्या लेखनात आढळतो, आणि डन १६३१ साली वारला. उलट दुसरा शब्द सतराव्या शतकात निःपक्षपाती या अर्थाने वापरलेला दिसतो. अठराव्या शतकात दोघांनी जणू जागा बदलल्या. ऑक्सफर्डचा बृहत्कोश १८८४ ते १९२८ या काळात खंडशः प्रसिद्ध झाला. त्याच्या संपादकांनी पहिल्या शब्दाच्या 'रस नसलेला' या अर्थापुढे 'लुप्त' अशी खूण केली, परंतु तिच्याआधी प्रश्नचिन्ह घातले. ते प्रश्नचिन्ह दूरदर्शी ठरले, कारण विसाव्या शतकात तोच अर्थ पुन्हा सर्रास दिसू लागला. ज्याला बिघाड म्हटले जाते ते काही अंशी जुन्या वहिवाटीचे पुनरागमन आहे.

एवढ्यावरून भेद सोडून द्यावा असे निष्पन्न होते काय? काही वर्णनवादी अभ्यासक येथवर येऊन थांबतात आणि इतिहास सांगितला म्हणजे प्रश्न मिटला असे मानतात. तेही बरोबर नाही. सतराव्या शतकातील वहिवाट आजच्या वापराला बांधील करीत नसेल, तर ती आजच्या भेदाला निकालातही काढू शकत नाही. भेदाचे समर्थन त्याच्या आजच्या कार्यावरूनच केले पाहिजे, आणि ते कार्य येथे मोठे आहे. 'इंटरेस्ट' या शब्दाला कायद्यात हितसंबंध असा निश्चित अर्थ आहे. भारतीय न्यायालयांच्या फौजदारी निकालांत हितसंबंधी साक्षीदार आणि हितसंबंध नसलेला साक्षीदार यांचा भेद पदोपदी येतो. दुसऱ्या प्रकारच्या साक्षीदारासाठी 'डिसइंटरेस्टेड' हाच शब्द रूढ असून तेथे 'अनइंटरेस्टेड' लिहिल्यास साक्षीदार खटल्याला कंटाळलेला होता असा अर्थ होईल. भेद राखावयाचा तो या कारणासाठी; शब्दाच्या तथाकथित मूळ शुद्धतेसाठी नव्हे.

मूळ शुद्धतेचा आग्रह धरणाऱ्यांची पंचाईत आणखी एका जोडीत स्पष्ट होते. 'इन्जीनिअस' म्हणजे कल्पक आणि 'इन्जेन्युअस' म्हणजे निष्कपट. दोन्ही लॅटिनमध्ये वेगळे शब्द. एक जन्मजात बुद्धीशी संबंधित, दुसरा कुलीन, दास्यात न जन्मलेल्या व्यक्तीचा निदर्शक. पुस्तिकांत ही जोडी न चुकता असते. परंतु यांची भाववाचक नामे तपासली तर काय दिसते? 'इन्जेन्युइटी' हे नाम रूपाने दुसऱ्या शब्दाचे आहे. त्याचा आरंभीचा अर्थ सरळपणा, निष्कपटपणा असाच होता. सतराव्या शतकात दोन्ही विशेषणांची सरमिसळ चालू असता हे नाम पहिल्याच्या घरी गेले आणि तेथेच राहिले. आज त्याचा अर्थ कल्पकता. दुसऱ्या विशेषणाला आपले नाम उसने गेल्यामुळे प्रत्यय लावून नवे नाम करून घ्यावे लागले. व्युत्पत्ती हाच प्रमाणाचा निकष मानला तर कल्पकता या अर्थी 'इन्जेन्युइटी' लिहिणारा प्रत्येक इंग्रज तीनशे वर्षे चुकत आला आहे असे म्हणावे लागेल. तसे कोणीही म्हणत नाही, आणि हीच जोडी शिकवणारी पुस्तिका या नामाविषयी अवाक्षर काढीत नाही. गोंधळ पुरा झाला की तो प्रमाण होतो. अर्धवट राहिला की तो दोष ठरतो, एवढाच याचा अर्थ.

'हिस्टॉरिक' आणि 'हिस्टॉरिकल', 'इकॉनॉमिक' आणि 'इकॉनॉमिकल', 'क्लासिक' आणि 'क्लासिकल' या जोड्यांत इंग्रजीच्या हाती एकाच अर्थाचे दोन प्रत्यय आले आणि तिने त्यांना दोन कामे नेमून दिली. इतिहासात संस्मरणीय ते पहिले, इतिहासाशी संबंधित ते दुसरे. अर्थव्यवस्थेशी संबंधित ते पहिले, काटकसरीचे ते दुसरे. येथे कोणतीही एक दिशा नाही, हे सहज ध्यानात यावे. 'कल' प्रत्यय एका जोडीत शास्त्राचा निदर्शक आहे तर दुसरीत स्वभावाचा. वाटणी पुरीही झालेली नाही : व्याकरणात भूतकालीन घटनेसाठी योजिलेल्या वर्तमानकाळाला 'हिस्टॉरिक' म्हणतात, जरी त्यात संस्मरणीय असे काही नसते. आणि क्रियाविशेषणात तर ती वाटणी समूळ नाहीशी होते. दोन्ही विशेषणांना एकच क्रियाविशेषण आहे, 'हिस्टॉरिकली'. दोन्हींना एकच, 'इकॉनॉमिकली'. एखादे धोरण अर्थशास्त्रीय दृष्टीने चुकीचे असते आणि एखादा गृहस्थ काटकसरीने राहतो, तेव्हा इंग्रजी एकच शब्द योजते व कोणाचाही गैरसमज होत नाही. जो भेद विशेषणात अत्यावश्यक म्हणून सांगितला जातो तो क्रियाविशेषणात नसूनही भाषेचे अडत नाही, ही गोष्ट रकान्यांच्या पुस्तिकांत नमूद झालेली क्वचितच दिसेल. मराठीचा अनुभवही असाच आहे. 'ऐतिहासिक निर्णय' आणि 'ऐतिहासिक कादंबरी' यांत एकच विशेषण दोन्ही कामे करते, कारण निवाडा नामाकडे असतो. मात्र 'ऐतिहासिक इमारत' म्हटल्यावर ती केवळ जुनी की काही घडल्यामुळे प्रसिद्ध, हे संदर्भावाचून कळत नाही. तेवढ्या जागेपुरता इंग्रजीचा भेद कामाचा आहे, हे मान्य केले पाहिजे.

'मिटिगेट' आणि 'मिलिटेट', 'प्रिस्क्राइब' आणि 'प्रोस्क्राइब' या जोड्यांवर अधिक लिहिण्याचे कारण नाही. पहिल्या जोडीतील एक शब्द मृदू करण्याचा, दुसरा सैनिकाचा. दोहोंचा संबंध केवळ ध्वनिसाम्याचा. दुसऱ्या जोडीत धातू एक असला तरी उपसर्ग भिन्न आहेत : एकात आधी लिहून देणे, दुसऱ्यात जाहीरपणे लिहून लावणे. इ. स. पूर्व ८२ मध्ये सुल्लाने रोममध्ये वध्य शत्रूंच्या नावांच्या ज्या याद्या लावल्या त्यांची स्मृती या शब्दात आहे. येथे घोटाळा झाला तर वैद्याने लिहून दिलेले औषध निषिद्ध ठरते. पुस्तिकांचे काम अशा जोड्यांत निर्विवाद आहे.

'अफेक्ट' आणि 'इफेक्ट' यांच्याविषयी मात्र त्यांचा ठोकळेबाज नियम अपुरा पडतो. पहिला क्रियापद, दुसरा नाम, असे सांगण्याची प्रथा आहे. घडवून आणणे या अर्थाने दुसराही क्रियापद आहे, आणि तो पहिल्याच्या जागी आल्यास वाक्याचा अर्थ उलटू शकतो : बदलावर परिणाम करणे वेगळे, बदल घडवून आणणे वेगळे. मानसशास्त्रात भावावस्था या अर्थाने पहिला नामही आहे आणि तेथे आघात आद्य अक्षरावर येतो. पदव्युत्तर विद्यार्थ्याला हे दोन अपवाद नेमके त्याच्या अभ्यासाच्या ग्रंथांत भेटतात, आणि पाठ केलेला नियम तेथे त्याची दिशाभूल करतो.

अनुवादकाच्या बाजूने पाहता या चर्चेला आणखी एक अंग आहे. 'डिसइंटरेस्टेड'ला मराठीत 'उदासीन' हा प्रतिशब्द काही वेळा दिला जातो. संस्कृतात तो अगदी योग्य ठरला असता. 'उदासीन' म्हणजे अलिप्त बसलेला. भगवद्गीतेत मित्र, शत्रू आणि मध्यस्थ यांच्या मालिकेत तो येतो, आणि कौटिल्याच्या मंडलसिद्धान्तात 'उदासीन' हा कोणाच्याही पक्षात नसलेला बलवान राजा आहे. आजच्या मराठीत मात्र 'उदासीन' म्हणजे आस्था नसलेला, आणि त्याचाच समरूप 'उदास' म्हणजे खिन्न. निःपक्षपातापासून अनास्थेपर्यंतचा जो प्रवास इंग्रजी शब्दाच्या बाबतीत अर्धवट आणि वादग्रस्त राहिला, तो या शब्दाने मराठीत पुरा केला आहे. त्यामुळे न्यायालयीन निकालाच्या मराठी भाषांतरात 'उदासीन साक्षीदार' असे लिहिले गेल्यास त्या साक्षीचे वजन वाढण्याऐवजी कमी होते. तेथे 'त्रयस्थ' किंवा 'हितसंबंध नसलेला' असेच लिहावे लागते. 'उदासीन' हा शब्द 'अनइंटरेस्टेड'साठी राखून ठेवणे बरे.